सावडीचं पान

आमच्या कंपनीला कुलूप लागलं तेव्हा मालकानं निदान खरं बोलावं एवढीच माझी अपेक्षा होती. तेही झालं नाही. शुक्रवारी "सोमवारी बसून बोलू" म्हणाला आणि सोमवारी फोन बंद. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींच्या मागच्या अंगाला, एका प्लायवूडच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो आम्ही. गावात सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतात, त्याचं माप, फॅट, दर, सगळं आमच्या प्रोग्रॅममधून जायचं. साल दोन हजार नऊ. मंदीच होती, कंपन्या धडाधड बुडत होत्या, त्यामुळे बुडण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बुडताना माणसांच्या हातात अनुभवाचा दाखला तरी ठेवावा की नाही? दाखला नाही, रिलीव्हिंग लेटर नाही. आमच्या धंद्यात हे दोन कागद नसले की इतकी वर्षं तुम्ही घरी झोपाच काढत होता असं धरतात.

मी मूळची परभणीकडची. नोकरी गेल्यावर शहराजवळचं भाडं झेपेना, म्हणून घोटावड्याच्या पुढे रिहे गावात एका शेतकऱ्याच्या दोन खोल्या घेतल्या. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे. तिला माझ्या कामाचं भलतं कुतूहल. "दिसभर त्या डब्याकडं बघती, जेवती कवा?" असं म्हणत दारात येऊन उभी राहायची, आणि आली की तासभर हलायची नाही. मला राग यायचा. पण तिच्या हातची भाकरी मिळायची, म्हणून गप्प बसायचे.

सावड मला तिच्याकडूनच कळली. लावणीचे दिवस होते. आज सगळी माणसं हिच्या खाचरात, उद्या ही शेजारणीच्या खाचरात, परवा तिसरीकडे. मजुरी नाही, कागद नाही. मी विचारलं, "कुणी नाही आलं तर?"

"यायचं न्हाई म्हंजी?" मावशीला माझा प्रश्नच समजला नाही. "मी तिच्यात गेल्ये न्हवं? मग ती येतीच की."

आमची कंपनीतली टोळी तेव्हा आठवड्यातून एकदा पौडला जमायची, कारण आमच्यातला एक जण पौडचा होता. जन्मापासून तिथलाच. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं कुकर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानामागे घर. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. कंपनीत तो टेस्टर होता. आम्ही प्रोग्रॅम लिहायचो आणि तो ते मोडून दाखवायचा, इतकं सोपं करून सांगता येईल. स्वतः म्हणायचा, "हे मी अब्बांकडूनच शिकलो." आणि खरंच, चाचा कुकर दुरुस्त करून लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत. पाणी घालून स्टोव्हवर चढवायचे, शिट्टी होईपर्यंत गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसवून ठेवायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. चाचांना त्याचं काही नसायचं.

त्या बाकड्यावरच आमचं ठरलं. आमच्यातल्या बहुतेकांच्या तेव्हा स्वतःच्या वेबसाइट होत्या. हौस, दुसरं काय! कुणी गडावरचे फोटो टाकायचं, कुणी कविता, मी आमच्याकडच्या भाज्यांच्या कृती. मालकानं दाखला दिला नाही ना, मग आपणच एकमेकांचा दाखला व्हायचं. मी एक छोटी फाइल लिहिली. ती प्रत्येकानं आपापल्या साइटवर ठेवायची. तू माझ्याबरोबर काय काम केलंस ते मी माझ्याकडे लिहिलं की तुझ्या साइटला निरोप जाणार. तू वाचून 'मान्य' केलंस की ती ओळ तुझ्या पानावर दिसणार, खाली माझं नाव आणि माझ्या साइटचा पत्ता. मान्य केलं नाही तर कुठेच दिसणार नाही. बस्स. फोटो नाही, कुणाच्या किती ओळखी याचा आकडा नाही. परदेशी मोठ्या साइटवर ओळखी पोत्यानं मिळायच्या, पण कोण कुणाला खरंच ओळखतो ते काही कळायचं नाही. आमच्याकडे मोजकीच माणसं आणि सगळी एकमेकांच्या कामात हात घातलेली. नाव मी सावड ठेवलं.

एक नियम मात्र त्या पौडच्या टेस्टरचा. आपल्या पानावर आपण स्वतः काहीही लिहायचं नाही.

"का पण?" मी म्हटलं.

"मग बायोडेटा काय वाईट होता? त्यात सगळे स्वतःबद्दलच लिहितात."

मला पटलं. नियम मी फाइलमध्येच घातला, पळवाट ठेवली नाही.

सगळ्यात आधी त्यानंच लिहायला घेतलं. प्रत्येकाचं काम त्याच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे कुणी काय केलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याबद्दल त्यानं लिहिलं होतं: "दराच्या हिशेबाचा भाग हिनं लिहिला. तो मोडायला मी पावसाळाभर धडपडलो. एकदाच मोडला. ती माझ्याशी भांडली, आणि संध्याकाळच्या आत चूक दुरुस्त करून आणली." वाचून मला हसूही आलं आणि रागही. भांडली काय! पण पुढे बाणेरला मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "काय चूक होती हो ती?" मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. दाखल्याचा विषय निघाला, पण अडला नाही. नोकरी लागली. माझ्यासारखीच इतरांनाही लागली. कुणी बंगळूरला गेलं, कुणी खराडीला. प्रत्येकाच्या पानावर आमच्या टेस्टरचीच ओळ सगळ्यात वर.

आणि त्याच्या पानावर?

लिहिलं हो सगळ्यांनी! कुणी हात आखडता घेतला असं मी म्हणणार नाही. पण काय लिहिलं ते बघा. "अत्यंत मनमिळाऊ आणि मितभाषी." "सदैव हसतमुख, कधीही मदतीला तत्पर." "भला माणूस, ज्याच्यामुळे ऑफिसला घरपण होतं." कपाळ माझं! सगळं मनापासून लिहिलेलं होतं, वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. आपल्याकडे माणसाबद्दल चांगलं लिहायला बसलं की आपोआप हेच येतं. तसं बघितलं तर टेस्टरचं काम दाखवायचं तरी कसं? जी चूक गावापर्यंत पोचलीच नाही ती कुणाला दाखवणार? मी एकटीनं तेवढी कामाची ओळ लिहिली होती, दराच्या हिशेबाचीच, आणि त्या गोड गोड ओळींच्या गर्दीत ती कुणाच्या नजरेला पडली नसती.

त्यानं ते सगळं मान्य केलं. मला म्हणाला, "छान आहे. हार तेवढा राहिलाय."

मी खदाखदा हसले. तोही हसला.

त्याच्या मुलाखतींचं काही जमेना. एका ठिकाणी त्यानं पानाचा पत्ता दिला तर तिथला माणूस वाचून म्हणाला, "सगळे तुम्हाला चांगले म्हणतायत, पण तुम्ही करत काय होता?" दुसऱ्या ठिकाणी दाखला मागितला, नाही म्हटल्यावर पानाकडे बघितलंही नाही. हळूहळू तो दुकानात बसायला लागला. कुकरचे रबर बदल, शिट्ट्या साफ कर. चाचांना हाताखाली माणूस मिळाला, पण आनंद झाला नाही. त्यांनी त्याला ओढाताण करून शिकवलं होतं. एकदा मी बाकड्यावर बसलेली असताना ते त्याला सरळ म्हणाले, "इतकी वर्सं सकाळी टिफिन घिऊन जायचास. काय केलंस काय तितं? मला एक वस्तू दाव."  तो स्टोव्हला पंप मारत राहिला. आत त्याची बायको होती, तिनंही ऐकलं असणार.

मी बाहेर आल्यावर त्याच्यावर ओरडले. "सगळ्यांना फोन कर आणि नीट लिहा म्हणून सांग! तुझ्या जिवावर नोकऱ्या लागल्यात त्यांना."

"मागून घेतलेला दाखला कसला आलाय?"

"मग निदान तो नियम काढू. मी फाइल बदलते, तू स्वतःचं स्वतः लिही."

"नको," म्हणाला. "नियम आपण दोघांनी केलाय."

इतका राग आला की मी त्याच्याशी पंधरवडाभर बोलले नाही. बोलले नाही, पण फोन मीच केले. एकेकाला धरून सांगितलं, काम लिहा, त्यानं पकडलेल्या चुका लिहा. "अगं, चांगलंच लिहिलंय की आम्ही!" हे एकाचं. दुसरा म्हणाला, "माझ्या चुका त्यानं पकडल्या हे मी जगजाहीर करू? आत्ताच लागलोय मी इथे." तिसरीनं "हो हो, या शनिवारी बसते" म्हटलं. असे किती शनिवार गेले. नव्या नोकरीत माणूस गुंततो, मलाही ठाऊक आहे. पण मावशीच्या खाचरात यायचं कुणी असं टाळलं असतं तर तिनं दारात जाऊन काय काय ऐकवलं असतं, ते मनात येऊन मी चरफडायचे.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो गेला. दुकानातच छातीत दुखायला लागलं. शेजारच्यांनी जीप काढली, पिरंगुट, भूगाव करत पुण्याकडे नेलं, पण चांदणी चौकाच्या अलीकडेच संपलं होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. समोर त्याच्या शिकवणीनं मी मोडून बघत असलेला कुणाचा तरी प्रोग्रॅम होता. काय झालं ते नीट आठवत नाही, फक्त शेजारच्या मुलीनं माझ्या हातातला माउस काढून घेतला हे आठवतं.  

मग ओळी यायला लागल्या.

त्याच्या साइटवर फाइल मीच बसवली होती, त्यामुळे तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे होती. उघडून बघितलं तर मान्य व्हायच्या थांबलेल्या ओळीच ओळी. बंगळूरहून, खराडीहून, सगळ्यांकडून. ह्या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणूस गेल्यावर जो तो आठवत बसला असणार, आणि आठवायला बसलं की हसतमुख-मनमिळाऊ आठवत नाही, तो काय करायचा ते आठवतं. मी वाचत गेले आणि माझं डोकं भणभणायला लागलं. हेच! अगदी हेच हवं होतं! ह्यातल्या दोन ओळी काही महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर त्या मुलाखतीतल्या माणसाचं तोंड बंद झालं असतं.

किल्ली माझ्याकडे होती. एकेका ओळीवर 'मान्य' दाबायचं, इतकंच काम. बोट बटणावर नेलंही. पण मग वाटलं, मी कोण मान्य करणारी? तो नाही, तर त्याच्या वतीनं हो म्हणायचा हक्क कुणाचा?

दुसऱ्या दिवशी मावशीला सहज विचारलं. सहज म्हणजे काय, राहवेना म्हणून विचारलं. "सावडीत एखाद्या घरचा माणूस गेला, त्याच्या खाचराची पाळी राहिली असली, तर काय करता?"

"जातो की. आधी त्याच्यातच जातो."

"बोलावतं कोण?"

"त्याच्या घरची बाई. ती दारात यिऊन हाक मारती. आपून आपल्या मनानं घुसायचं न्हाई कुनाच्या खाचरात. तिला कुटं काय लावायचं ते तिलाच ठावं ना."

त्याचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर मी लॅपटॉप आणि नेटचं डोंगल घेऊन पौडला गेले. भाभींची, म्हणजे त्याच्या बायकोची, इद्दत चालू होती; नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडत नव्हत्या, परक्या पुरुषांसमोर येत नव्हत्या. आमच्यातल्या पुरुषांना आत जाता आलं नसतं, मला येत होतं. दुकान आणि घर यांच्या मधल्या दाराला पडदा होता. चाचा पडद्यापलीकडे कामाला बसले होते, स्टोव्हचा आवाज येत होता.

मी भाभींना सगळं समजावून सांगितलं. पान काय, ओळ काय, मान्य म्हणजे काय. त्या दहावी झालेल्या, वाचन चांगलं, पण म्हणाल्या, "तुम्हीच वाचा. मला ऐकू दे."

पहिल्यांदा मी त्याच्या पानावरच्या जुन्या ओळी वाचल्या. मनमिळाऊ, मितभाषी, हसतमुख, भला माणूस. भाभींनी हात वर केला.

"हे पुसता येतं का?"

मी दचकले. "येतं. पण का हो?"

"ते भले होते हे मला दुसऱ्यानं कशाला सांगायला पाहिजे?" त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "संसार मी केला. ते काढा. काम काय करायचे ते असंल तर ठेवा. घरी विचारलं की म्हणायचे, चुका शोधतो. मला वाटायचं, हे काय काम झालं?"

मी जुन्या ओळी पुसल्या. माझी एक राहिली. मग नवीन वाचायला घेतल्या.

"लाइट जाऊन परत आली की शेवटच्या शेतकऱ्याचं दूध दोनदा लिहिलं जायचं. असं होऊच शकत नाही म्हणून मी वाद घातला. तो पहाटे कोळवणच्या डेअरीवर जाऊन उभा राहिला, गर्दी चालू असताना मेन स्विच पाडला आणि मला फोनवर म्हणाला, बघ आता."

"कोळवणला?" भाभी म्हणाल्या. "त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेले होते. मी रागावले होते."

"मान्य?"

"मान्य."

"एकाच माणसानं गाईचं आणि म्हशीचं दूध एकापाठोपाठ घातलं की म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागायचा. ही चूक माझी होती. त्यानं ती पकडली तेव्हा प्रोग्रॅम गावांत जायला एकच दिवस होता. तो अडून बसला. मालक त्याच्यावर ओरडले, तरी त्यानं जाऊ दिला नाही."

पडद्यापलीकडे स्टोव्ह बंद झाला.

"मान्य," भाभी म्हणाल्या.

"माझ्या चुका त्यानं कधी मीटिंगमध्ये सांगितल्या नाहीत. आधी माझ्या टेबलाशी यायचा, मला दाखवायचा, मग दुरुस्त केल्यावर नोंद करायचा." ही वाचून मी थांबले. ही भलेपणाची झाली, पुसायची का? मी त्यांच्याकडे बघितलं.

भाभींनी थोडा विचार केला. "ठेवा. हे कामच आहे."

चाचा पडद्यापाशी येऊन उभे राहिलेले मला दिसत होते. हाताला काजळी, हातात एक कुकरची शिट्टी. आत आले नाहीत. म्हणाले, "ते म्हशीचं परत वाच."

मी परत वाचलं. सावकाश. मालक ओरडले तरी त्यानं जाऊ दिला नाही, इथपर्यंत.

"म्हंजी गावोगावच्या लोकांची म्हशीची धार बुडली आस्ती."

"हो चाचा."

"आनि त्यानं थांबिवलं."

"हो."

चाचा शिट्टी बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या कानात आजही तसंच आहे. रागानं नाही विचारलं. गिऱ्हाइकाला कुकर कुठे गळतो ते विचारावं तसं, नीट माहिती हवी म्हणून विचारलं.

"मंग हे तवाच का न्हाई लिव्हलं?"

मी त्यांना कारणं सांगू शकले असते. शनिवार सांगितले असते, नवीन नोकऱ्या सांगितल्या असत्या. मला कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटेना. मी मान खाली घातली आणि रडायला लागले. त्यांच्यापुढे मी रडायचं म्हणजे काय, पण रडले. भाभींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

चाचा परत आपल्या जागेवर गेले. पंप मारल्याचा आवाज आला, स्टोव्ह पेटला, त्यांनी कुकर चढवला. बाकड्यावर कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

"मोठ्यानं वाचा," भाभी म्हणाल्या. "त्यांना तिकडे ऐकू गेलं पाहिजे."

मी डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचली.